तांबट हे नाव मी ठेवलं

खटकचिंचोळी, ता. भालकी
१६ फेब्रुवारी २०२५

चि. अमरदीप,

जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून देशील, अशी भीती आहे. तसं केलंस तरी माझं काही म्हणणं नाही. तीन वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस. मायचा उचलतोस आणि तिच्याशी बोलतोस, तेवढ्यावर मी समाधान मानलं होतं. पत्ता मायच्या वहीतून घेतला. तिला अजून सांगितलेलं नाही.

लिहायचं कारण सांगते. गुरुवारी मधल्या सुट्टीत आमच्या हुलसूरच्या शाळेतल्या विजयश्री मॅडम मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या. त्या कन्नड शिकवतात आणि त्यांचं माहेर अफजलपूरकडचं आहे. म्हणाल्या, "बघा की हे. आमच्या गावाकडं एक मोटार वाइंडिंगवाला हाय. रविवारी पोरान्ला भीमेच्या काठी नेऊन पाखरं दाखवतो. छान सांगतो."

बघितलं तर तू. केस पांढरे झालेत. उंबराखाली उभा होतास आणि पंधरा-वीस पोरं मान वर करून बघत होती. तू हात वर केलास आणि म्हणालास, "हा तां... तां... तां..." आणि अडकलास.

अमर, पोरं थांबली होती. एकही हसलं नाही. आणि इकडे शिक्षकांच्या खोलीत, दीडशे किलोमीटरवर, मी मोठ्यांदा म्हणाले, "तांबट."

विजयश्री मॅडमनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "तुम्ही कामून सांगायलाव? ते सांगतेत की."

तो माझा भाऊ आहे, हे मी सांगितलं नाही.

मग तू सगळं सांगितलंस. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा एकाच ठेक्यात ओरडतो, म्हणून तांबट. कन्नडात कंचुकुटिग, म्हणजे कासं ठोकणारा. इंग्रजांनीही त्याला तांबटच म्हटलं, आणि चोचीच्या बुडाशी राठ केस असतात म्हणून पुढं दाढीवाला अशा अर्थाचं आडनाव जोडलं. एवढासा चिमणीपेक्षा थोडा मोठा जीव, पण चोच केवढी जाड. अंग हिरवं, कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा. मी बावीस वर्षं शाळेत शिकवते, पण हे मला ठाऊक नव्हतं. आणि ओरडताना त्याची चोच मिटलेली असते, नुसता गळा फुगतो, हे तर अजिबातच नाही. तू म्हणालास, "हे मला माझ्या अप्पांनी दाखवलं."

शेवटी एका पोरीनं विचारलं, "सर, तुम्हाला पाखरांचा नाद कसा लागला?" तू म्हणालास, "लहानपणी माझ्या अक्कानं मला तांबट म्हणून नाव ठेवलं. मग म्हटलं, बघावं तरी हा तांबट कसा असतो."

तू हसत होतास. मी ते तेवढंच पाच-सहा वेळा बघितलं.

फोनवर मी तुझं वाक्य तोडीन, म्हणून कागदावर लिहिते. मायचा गुडघा दुखतो, बाकी ठीक. मैत्रेयीला आशीर्वाद. तुमच्या छकुलीला मी अजून बघितलेलं नाही. तिलाही आशीर्वाद.

ज्योत्स्नाअक्का


खटकचिंचोळी
९ मार्च २०२५

अमर,

जयभीम. तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. पोस्टमन आमच्या गल्लीत वळला की मी दारात जाते.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहायची टाळली. तू पोरांना सांगितलंस की नाव अक्कानं ठेवलं. म्हणजे तुला ठाऊक होतं. मला चौतीस वर्षं वाटत होतं की तुला ठाऊक नाही.

एक्याण्णव सालची जयंती. बाबासाहेबांना शंभर वर्षं झालेली, म्हणून समाजमंदिरापुढं मोठा मांडव होता. तू सात वर्षांचा, मी बारा. तुझं भाषण अप्पांनी महिनाभर पाठ करून घेतलं होतं. दिवसभर गवंडीकाम करून यायचे, हातावरचं सिमेंट तसंच, आणि तुला पुढ्यात बसवायचे. तुला कितीही वेळ लागला तरी मध्ये बोलायचे नाहीत. मला कंटाळा यायचा, मी उठून जायची.

त्या दिवशी तू माईकपुढं उभा राहिलास. "अध्यक्ष महाशय" म्हणायचं होतं. "अ... अ... अ..." सगळा मांडव गप्प. मागं पिंपळावर ते पाखरू टुक टुक टुक करत होतं. माझ्या शेजारच्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. माझे कान तापले. मी त्यांना म्हणाले, "आमच्या घरी बी एक तांबट हाय." हळूच म्हणायचं होतं मला. पण तेवढ्या शांततेत ते पार पुढपर्यंत गेलं. आधी पोरी हसल्या, मग पोरं, मग मोठी माणसं.

तू भाषण न करताच खाली आलास. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा तुला तांबट म्हणायला लागली. तू दहावीला जाईपर्यंत, आणि नंतरही.

अप्पांनी त्या संध्याकाळी विचारलं, "नाव कुणी ठेवलं?" मी म्हणाले, "राघोबानं." त्या पोराचं तोंड आधीच वाईट म्हणून प्रसिद्ध होतं. अप्पा त्याच्या घरी गेले, भांडण झालं, राघोबाच्या बापानं त्याला सगळ्यांदेखत मारलं. त्यानंतर आपल्या दोन घरांत येणं-जाणं राहिलं नाही. राघोबा मागच्या वर्षी वारला. मी त्याच्या पुण्यानुमोदनाला गेले आणि मागच्या रांगेत बसून आले.

त्याच आठवड्यात अप्पा तुला सकाळी सकाळी विहिरीवर घेऊन जायला लागले. मला वाटायचं, पाणी आणायला. आता त्या व्हिडिओमुळे कळलं की ते तुला पाखरू दाखवत होते.

आणि मी काय केलं? मला वाटलं, मी फेड करते. दुकानात तुझ्या आधी मी बोलायची. बसमध्ये तुझं तिकीट मी मागायची. आयटीआयला प्रवेश घेताना साहेबांनी तुझं नाव विचारलं तर मीच सांगितलं. साहेब म्हणाले, "त्याला तोंड न्हाई का?" मी त्यांच्याशी भांडले. घरी येईपर्यंत मला किती अभिमान वाटत होता. तू खिडकीतून बाहेर बघत होतास.

त्या भाषणातलं पहिलं वाक्य सोडलं तर तुझी सगळी वाक्यं मी पूर्ण केली, अमर. तुला विचारलं कधीच नाही.

ज्योत्स्नाअक्का


खटकचिंचोळी
२३ मार्च २०२५

अमर,

जयभीम. काल अप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. माय पहाटेच उठून तसबिरीपुढं मेणबत्ती लावून बसली होती. दुपारी तिचा तुला फोन झाला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तुझा आवाज ऐकू येत नव्हता, पण माय गप्प बसून नुसती ऐकत होती. मध्येच "व्हय" म्हणायची आणि परत गप्प. ती अप्पांसारखीच थांबते. मी तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

त्या दिवसाचं आज लिहिते. यातलं थोडं तुला ठाऊक आहे. बाकीचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, मायलाही नाही.

रविवारी बिदरच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, दोन दिवस, फार तर तीन. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. मी बाहेर येऊन तुला फोन लावला आणि सांगितलं, "अप्पा बरे हायेत. जेवायलेत. घाई करू नको."

का सांगितलं तसं? तुला ताण आला की तुझं जास्त अडतं. प्रवासात कुणाशी बोलायची वेळ आली तर तुझे हाल होतील. मी असं मनात म्हणाले. आणि खरं सांगायचं तर तू आलास आणि अप्पांच्या पलंगाशी अडकून उभा राहिलास, तर ते बघायची माझ्यात ताकद नव्हती. त्यात तुझं काही नव्हतं, माझंच होतं.

मंगळवारी सकाळी तुझा फोन आला. "अप्पाला फोन दे" म्हणालास. मी स्पीकर चालू करून त्यांच्या उशीजवळ धरला. अप्पांना बोलता येत नव्हतं फारसं, पण ऐकू सगळं येत होतं. तू म्हणालास, "अप्पा, जे... जे... जे..."

अप्पा फोनकडे बघत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं त्यांना त्रास होतोय. मी म्हणाले, "अप्पा, अमर यायलाय म्हणं. सकाळीच निघालाय." आणि तुला म्हणाले, "नर्स आली, ठेवते." नर्स आली नव्हती.

फोन बंद करताना अप्पांनी माझं मनगट धरलं. तीन दिवसांत त्यांनी हात हलवला नव्हता. म्हणाले, "थांब गं. बोलू दे की त्येला."

इतकं स्पष्ट म्हणाले. मी परत फोन लावू शकत होते. लावला नाही. मला राग आला होता, का कुणास ठाऊक.

त्यानंतर ते बोलले नाहीत. पण तू निघालायस असं मी सांगितलं होतं ना. म्हणून बाहेर कुणाचीही चप्पल वाजली की मान दाराकडं वळवायचे. सफाईवाली आली, वळवली. शेजारच्या पेशंटचा जावई आला, वळवली. दुपारी अडीचला गेले, तेव्हाही मान तिकडेच होती. ती सरळ मी केली.

तू दुसऱ्या दिवशी पोचलास तेव्हा सगळं उरकलं होतं. अंगणात, सगळ्यांसमोर, तू मला म्हणालास, "मी ये... येतो म्हणत नव्हतो." बाकी काही नाही. मी सगळ्यांना सांगितलं, उशीर झाला म्हणून रागावलाय. लोकांना पटलं. हळूहळू मलाही पटलं.

तू काय म्हणत होतास, ते मला आजही माहीत नाही. विचारायचा हक्क नाही, म्हणून विचारत नाही.

ज्योत्स्ना


अफजलपूर
५ एप्रिल २०२५

अक्का,

जयभीम. तिन्ही पत्रं मिळाली. पहिली दोन मैत्रेयीनं वाचली आणि मला सांगितली. तिसरं तिनं माझ्या हातात दिलं आणि पोरीला घेऊन बाहेर गेली. मी दुकानात बसून वाचलो.

नाव तू ठेवलीस हे मला मांडवातच कळालं. तुझा आवाज मी ओळखणार न्हाई का? राघोबाचं नाव घेतलीस तेव्हा मी दाराआड होतो. अप्पाला खरं सांगायला तोंड उघडलो, पण शब्द निघेपर्यंत ते चप्पल घालून गेले होते. राघोबाला मार बसला त्यात माझा बी वाटा हाय. त्याला मी नंतर सांगितलो. तो म्हणला, जाऊ दे. पुढं आम्ही दोघं मिळून पाखरं बघायला जायचो. हे तुला ठाऊक नसंल.

नावाचा राग न्हाई. ते पाखरू माझ्या वाट्याला आलं ते त्या नावामुळंच. अप्पा मला विहिरीवर नेले आणि म्हणले, बघ, दिवसभर एकच शब्द म्हणतोय, कुणी हसू दे, थांबतोय का? तांबटाच्या आळीत कधी गेलास तर बघ, एका घागरीला हजार ठोके लागतेत. घाईचं काम न्हाई ते.

फोनवर मी येतो म्हणत नव्हतो. "अप्पा, जेवलाव का" म्हणत होतो. रोज मी अप्पाला फोन करायचो आणि तेवढंच विचारायचो. ते म्हणायचे, जेवलो, तू जेवलास का. कधी कधी त्या एका प्रश्नाला पाच मिनिटं लागायची. ते थांबायचे. त्या दिवशी बी थांबले असते. ते तसं म्हणले होते हे तू मला तीन वर्षांनी सांगायलीस.

तू बरे हायेत म्हणालीस, म्हणून दोन शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या होत्या, त्यांची तार भरून गुरुवारी निघणार होतो. उसाला पाणी द्यायचं होतं त्यांना. मी त्यांच्या मोटारी भरत बसलो आणि माझा बाप दाराकडं बघत बसला. हे मला तुझ्या पत्रातून कळालं. कळालं नसतं तर बरं झालं असतं का, हे मी आठवडाभर विचार करायलोय. न्हाई. कळालं ते बरं.

मायला पाठव. उन्हाळाभर राहू दे. पोरगी तीन वर्षांची होत आली, तिला आजी पायजे. कलबुर्गीच्या स्टँडवर मी घ्यायला येतो.

तुला घरी ये म्हणायला मला वेळ लागंल. किती ते मला ठाऊक न्हाई. घाई करू नको आणि माफ कर म्हणून पत्र लिहू नको. बाकी लिही.

अमर


खटकचिंचोळी
१२ मे २०२५, बुद्धपौर्णिमा

अमर,

जयभीम.

तू घाई करू नको म्हणालास, म्हणून महिनाभर काही लिहिलं नाही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. जास्त वेळा वाचलं तर पाठ होईल आणि मग मला हवं तसं ऐकू यायला लागेल, म्हणून ठेवून दिलं. कागदावर तू कुठंच अडत नाहीस. राघोबा आणि तू मिळून पाखरं बघायला जायचात, ते मला खरंच ठाऊक नव्हतं. त्याच्या पुण्यानुमोदनाला त्याची बायको मला म्हणाली होती, "तुमचा भाऊ न्हाई आला?" तेव्हा मला तो टोमणा वाटला होता.

परवा कलबुर्गीला जे झालं ते तू बघितलंच आहेस. तरी माझ्या बाजूनं लिहिते.

भालकीहून बसमध्ये बसल्यापासून माय बोलत होती. पिशवीत छकुलीसाठी शेंगदाण्याचे लाडू, मैत्रेयीला लुगडं, तुला ज्वारीचं पीठ. हुमनाबाद गेल्यावर ती म्हणाली, "ज्योत्स्ना, तू बी चल की अफजलपूरला." मी म्हणाले, शाळेची कामं आहेत. ती म्हणाली, "उन्हाळ्याची सुट्टी हाय." मग तिनं परत विचारलं नाही. तिला कुणी काही सांगितलेलं नाही, पण तिला सगळं कळतं असं मला वाटायला लागलंय.

तू फलाटावर उभा होतास. तीन वर्षांत माणूस एवढा बदलतो. मायच्या पाया पडलास. तिनं तुझं तोंड कुरवाळलं. मी चार पावलं मागं होते, हातात तिची दुसरी पिशवी. माझी भालकीची परतीची बस शेजारच्याच फलाटावर लागली होती. पिशवी द्यायची आणि चढायचं, एवढंच मी ठरवून आले होते.

पिशवी तुझ्या हातात दिली. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "अक्का, तु... तु... तु..."

अमर, चाळीस वर्षांची सवय आहे. माझ्या तोंडात दहा वाक्यं आली. तुझी तब्येत कशी हाय. तुला पाणी पायजे का. तुझ्यावर माझा राग हाय. तुझं तोंड बघायचं न्हाई. प्रत्येक वाक्य मला तुझ्या जागी म्हणून टाकायचं होतं. मी खालचा ओठ दातात धरला. मागं कंडक्टर ओरडत होता, बिदर बिदर भालकी. कुणीतरी मला धक्का मारून गेलं. तुझा गळा ताणलेला, डोळे मिटलेले, आणि माय तुझा दंड धरून उभी, काही म्हणजे काही घाई नाही तिला. मी पहिल्यांदाच तुला बोलताना पूर्ण बघितलं. आधी मी नेहमी खाली बघायची, नाहीतर ज्याच्याशी तू बोलतोयस त्याच्याकडे. मला तुझा चेहरा ठाऊकच नव्हता.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "तुझी बस निघालीय."

मी वळले. बस फाटकाच्या बाहेर पडून वळत होती.

तू म्हणालास, "एवढा हॉर्न वाजवत होता तो. का... कामून वळून बघितली न्हाईस?"

मी म्हणाले, "तू बोलायलास की."

तू माझ्याकडे बघत राहिलास. हसशील असं वाटलं, पण हसला नाहीस. मग मायची दुसरी पिशवीही खांद्याला लावलीस, तिचा हात धरलास आणि अफजलपूरच्या बसकडे निघालास. माय दोनदा मागं वळली. तू एकदा.

पुढची बस साडेचारला होती, म्हणजे अडीच तास. मी बाकड्यावर बसले. मला जेवण आठवलं नाही, पाणी आठवलं नाही. समोर एक म्हातारा आणि त्याचा नातू कलिंगड खात होते. त्यांनी एक फोड माझ्यापुढं धरली, ती मी घेतली.

घरी आता मी एकटीच आहे. मायला गुडघ्याला लावायचं तेल पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलंय, तिला आठवण करून दे. तिला परत पाठवायची घाई नाही.

ज्योत्स्ना